लेक पैनगंगेपलीकडे, वावर अलीकडे: बापाच्या जमिनीत मुलीचा हिस्सा, वारस नोंद आणि 'ती' सही

दिवाळीत आपल्याकडे किनवट, पांढरकवडा, वणी, राजुऱ्याहून बहिणी माहेरी येतात. भाऊबीज होते, ओवाळणी होते, आणि बाप वर्षा-दोन वर्षांत गेलेला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ हळूच विषय काढतो : "ताई, एमआरओ ऑफिसात येऊन जा जरा. बाबांच्या पट्ट्यावर सही लागते." ताई जाते. कागद तेलुगूत असतो, ताईचं शिक्षण मराठी शाळेतलं. ती विचारत नाही, कारण विचारलं तर भावावर विश्वास नाही असा अर्थ निघेल. भाऊही सांगत नाही. कित्येकदा त्यालाही नीट माहीत नसतं. मी-सेवावाल्याने सांगितलं 'सगळ्यांच्या सह्या आणा', म्हणून तो आणतो.

त्या सहीचे तीन अर्थ होऊ शकतात. 'आम्ही एवढे वारस आहोत' असं नुसतं निवेदन. 'माझा हिस्सा मी भावाला सोडला' असं हक्कसोडपत्र. किंवा 'जमीन अमक्याला विकायला माझी संमती आहे'. तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो सही करण्याआधी कळायला हवा. बेला, जैनथ, तलमडगू, भीमपूर या पट्ट्यात अर्ध्याहून जास्त सोयरिकी नदीपलीकडच्या असतील, म्हणून हा विषय इथं घराघरातला आहे. उलटी बाजूही तेवढीच खरी : सून पलीकडची असते आणि तिच्या बापाचं वावर महाराष्ट्रात असतं.

नदी ओलांडली की काय बदलतं, काय नाही

पहिला गैरसमज असा की 'लग्न होऊन महाराष्ट्रात गेली, आता तिला तेलंगणाच्या जमिनीत हक्क नाही.' हे चूक आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा केंद्राचा कायदा आहे आणि दोन्ही राज्यांत एकच आहे. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तो लागू होतो. मुलगी कुठं राहते, तिचं आधार कार्ड कुठल्या पत्त्याचं, रेशन कार्ड कुठल्या राज्याचं, याच्याशी हिश्श्याचा संबंध नाही. बदलतं ते ऑफिस, कागदाचं नाव, कागदाची भाषा आणि मुद्रांक शुल्क.

एके काळी मात्र हिस्साही बदलत होता. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना आंध्र प्रदेशाने राज्यापुरती दुरुस्ती केली आणि ५ सप्टेंबर १९८५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा दिला, पण फक्त त्या दिवशी बिनलग्नाच्या असलेल्या मुलींना. महाराष्ट्रात तसाच बदल २२ जून १९९४ ला आला, त्यातही आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. म्हणजे मधली जवळपास नऊ वर्षं जैनथच्या लेकीला जो हक्क होता तो नदीपलीकडच्या तिच्या मावसबहिणीला नव्हता. गावातले जुने लोक 'लग्न झालेल्या पोरीला नाही' म्हणतात ते तेव्हाचं ऐकलेलं असतं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रानेच कायदा बदलला आणि ही अट गेली. शेतजमिनीला वेगळं ठेवणारं जुनं कलमही त्याच वेळी निघालं. तरी 'बाप २००५ च्या आधी वारला असेल तर?' हा वाद कोर्टात चालूच राहिला. तो ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात मिटवला : मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये बाप जिवंत असणं जरुरी नाही.

एक मोठा अपवाद आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झालेली असेल तर ती आता उघडता येत नाही. 'तोंडी वाटणी झाली होती' हे भावाचं म्हणणं कोर्ट सहजी मान्य करत नाही. त्याला त्या काळचे सरकारी कागद लागतात, उदाहरणार्थ वेगवेगळ्या नावाने झालेले पट्टे.

आधी हे ठरवा : जमीन बापाची की आजोबांची

आपण बापाकडून आलेल्या सगळ्याच जमिनीला 'वडिलोपार्जित' म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही, आणि हिश्श्याचा आकडा इथंच ठरतो.

समजा बारा एकर वावर आहे. बाप वारला. मागे आई, दोन मुलं आणि एक मुलगी. ही जमीन बापाने स्वतः विकत घेतलेली असेल आणि त्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिशेब सरळ आहे : आई, दोन मुलं, मुलगी, चौघांना सारखे तीन-तीन एकर. बापाची आई हयात असेल तर तीही पाचवी वारस.

जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची, पिढीजात असेल तर आधी बाप, दोन मुलं आणि मुलगी असे चार वाटे समजायचे, प्रत्येकी तीन एकर. मग बापाचे तीन एकर आई आणि तीन मुलांत पुन्हा चार ठिकाणी वाटायचे, म्हणजे प्रत्येकी तीस गुंठे. या हिशेबाने प्रत्येक मुलाला आणि मुलीला तीन एकर तीस गुंठे मिळतात आणि आईला फक्त तीस गुंठे. पण थांबा. महाराष्ट्रात चालत आलेल्या मुंबई परंपरेत बाप-मुलांच्या वाटणीत आईलाही एक वाटा धरतात. तसं धरलं तर पहिले पाच वाटे पडतात आणि शेवटी आईलाही मुलांएवढेच तीन एकर येतात. १९७८ चा सुप्रीम कोर्टाचा गुरुपाद मगदूम निकाल याच हिशेबाचा आहे. दक्षिणेकडच्या द्रविड परंपरेत आईला असा वाटा देण्याची रीत लोपलेली आहे. आदिलाबादेतलं मराठी घराणं कुठली रीत घेऊन इथं आलं, यावर वकील वाद घालू शकतात. आई हयात असेल तर हा प्रश्न वकिलाला मुद्दाम विचारा. म्हातारीचे सव्वादोन एकर यावर अवलंबून आहेत.

आणखी एक गुंता. १९५६ नंतर बापाला त्याच्या बापाकडून वारसाने आलेली जमीन, आजोबांची स्वतःची असेल तर, बापाची वैयक्तिक मालकी समजली जाते. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून ही गोष्ट पक्की आहे. तेव्हा 'आजोबापासूनची आहे' एवढ्यावर ती वडिलोपार्जित ठरत नाही. इथं जुने कागद कामाला येतात. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, सगळं हैदराबाद संस्थानाचं दफ्तर. १९५४-५५ ची खासरा पाहणी ही त्या दफ्तराची नदीच्या दोन्ही काठांवर आजही पुरावा म्हणून मागितली जाणारी नोंद. आजोबांचं नाव तिच्यात कसं आहे ते पाहिल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही.

मृत्युपत्राचं थोडक्यात. बाप स्वतःच्या मालकीची सगळी जमीन मृत्युपत्राने एकट्या मुलाला देऊ शकतो, मुलीला त्याविरुद्ध तक्रार नाही. पिढीजात जमिनीत तो फक्त स्वतःच्या वाट्याचं लिहू शकतो. मृत्युपत्र रजिस्टर असलंच पाहिजे असं नाही, पण सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बाप गेल्यावर तीन महिन्यांनी ट्रंकेतून निघालेल्या मृत्युपत्राकडे कोर्ट संशयाने पाहतं, ते उगाच नाही.

लावणी पट्टा, म्हणजे सरकारने भूमिहीनाला दिलेली जमीन, विकता येत नाही. १९७७ च्या कायद्याने बंदी आहे. वारसांकडे मात्र ती येते, मुलीकडेही.

आदिवासी आणि बंजारा घरांत

इथं राज्य बदललं की खरंच कायदा बदलतो, आणि फार थोड्यांना हे ठाऊक आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. कायद्याच्या दुसऱ्याच कलमात तसं लिहिलेलं आहे. गोंड, कोलाम, परधान कुटुंबांत वारसा त्यांच्या रूढीने चालतो. पण रूढीचा अर्थ 'मुलीला काहीच नाही' असा आपोआप होत नाही. १७ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सांगितलं की स्त्रियांना वगळणारी रूढी आहे असं सिद्ध झालेलं नसेल, तर समानतेच्या न्यायाने त्यांना वाटा मिळाला पाहिजे. हिस्सा नाकारणाऱ्याने रूढी दाखवायची आहे.

बंजारा समाजाची गोष्ट तर नदीनेच दुभागली आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापासून लंबाडा आपल्याकडे अनुसूचित जमातीत आहेत. किनवटच्या तांड्यात तीच जात विमुक्त जातीत मोडते. त्यामुळे पलीकडच्या तांड्यातल्या लेकीला हिंदू वारसा कायद्याने सरळ हिस्सा मिळतो, अलीकडच्या तांड्यातल्या तिच्याच चुलतबहिणीला आधी रूढीचा प्रश्न सोडवावा लागतो. कुटुंबाने हिंदू चालीरीती पूर्ण स्वीकारल्या असतील तर हिंदू कायदा लावावा, अशी भूमिका सुप्रीम कोर्टाने २००० साली एका संथाळ कुटुंबाच्या बाबतीत घेतली होती. वकील हा मुद्दा इथंही मांडतात.

जमीन उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर अशा एजन्सी भागातली असेल तर दुसराच कायदा मध्ये येतो : १९५९ चा जमीन हस्तांतरण नियम, १९७० च्या दुरुस्तीसह. अनुसूचित क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण ठेवणं, ठोक्याने देणं, बक्षीस देणं रद्दबातल आहे. विकणाराही बिगर-आदिवासी असला तरी. वारसाने येणं वेगळं आणि कागद करून देणं वेगळं. म्हणून या भागात बहिणीने भावाच्या नावे कसलाही कागद करण्याआधी गाव अनुसूचित यादीत आहे का, हे बघावं. एकाच मंडलात काही गावं यादीत असतात, काही नसतात.

मुस्लिम कुटुंबांत शरियतप्रमाणे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. तोही लग्नाने संपत नाही.

तेलंगणात नाव कसं चढतं

२०२० च्या कायद्याने व्हीआरओ गेले, धरणी पोर्टल आलं आणि शेतजमिनीचं रजिस्ट्रेशन तहसीलदाराच्या हाती गेलं. त्या काळात वारस नोंद वारसांच्या एकत्र निवेदनावर व्हायची. ज्याचं नाव निवेदनात नाही त्याला कळायची सोय नव्हती, आणि नोंद झाल्यावर अपीलही नव्हतं. थेट दिवाणी कोर्ट. पलीकडे दिलेल्या कित्येक लेकींची नावं सुटली ती याच फटीतून. सगळीकडे भावाने लबाडीच केली असं नाही, 'बहिणीला कशाला त्रास' म्हणूनही नाव गाळलं गेलं.

१४ एप्रिल २०२५ पासून भूभारती कायदा लागू आहे. वारस नोंदीआधी नोटीस आणि चौकशी, आणि तहसीलदाराच्या आदेशावर आधी आरडीओकडे, पुढे कलेक्टरकडे अपील, अशी वाट त्यात पुन्हा आली. आपल्या जिल्ह्यात आरडीओ दोन ठिकाणी आहेत, आदिलाबाद आणि उटनूर. धरणीच्या काळात नाव सुटलेलं असेल तर आधी मंडल ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

लागणारे कागद तसे मोजकेच : मृत्यूचा दाखला, कुटुंबातल्या सदस्यांचा दाखला ज्याला सगळे 'फॅमिली मेंबर' म्हणतात, जुनं पासबुक, वारसांचे आधार. पण प्रत्येकात एक खाच आहे.

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते. आपल्याकडचे सिरियस पेशंट रिम्समधून नागपूरला, यवतमाळला, सेवाग्रामला हलवले जातात. तिथं मृत्यू झाला तर दाखला महाराष्ट्रातला, आणि गावच्या पंचायतीत कितीही खेटे घातले तरी मिळणार नाही. तो तेलंगणात चालतो. मात्र नावाचं स्पेलिंग पासबुकाप्रमाणे आहे का, हे दवाखान्यातला फॉर्म भरतानाच बघा. त्या वेळी कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं हे खरं, म्हणून हे काम घरातल्या नव्हे तर बरोबर आलेल्या एखाद्या शिकल्या-सवरल्या माणसाकडे द्यावं. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर फी नाही. वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो.

फॅमिली मेंबर दाखल्यात बहिणीचं नाव घालायचं राहतं, कारण रेशन कार्डावर ती नसते. लग्नानंतर तिचं नाव तिकडच्या कार्डावर गेलेलं असतं. हा दाखला देताना अर्जदाराने सांगितलेली नावंच बहुतेक पुढे जातात. बहिणीने एवढं एक तरी विचारावं : त्यात माझं नाव आहे का?

आणि नावाचाच प्रश्न. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. माहेरची मंदा सासरी वैशाली होते, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. त्यात तेलुगू पद्धतीत आडनाव आधी. मंडल ऑफिसातल्या क्लार्कसमोर शाळेचा दाखला एका बाईचा आणि आधार दुसऱ्याच बाईचं असतं. लग्नाचं प्रमाणपत्र, माहेरच्या शाळेचा टीसी आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद एकत्र ठेवले की बरंच काम होतं. नाव राजपत्रात बदललेलं असेल तर उत्तम.

बँकेतली ठेव काढायला कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट लागू शकतं. जमिनीसाठी ते नसतं. मंडल ऑफिसातला 'सक्सेशन'चा अर्ज आणि कोर्टातलं 'सक्सेशन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नावामुळे लोक वर्षभर चुकीच्या दारात उभे राहतात.

वावर पलीकडे असेल तर

महाराष्ट्रात पासबुक नाही, सातबारा. वारसाची नोंद गावच्या तलाठ्याकडे होते, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवावं असं महसूल कायदा सांगतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. हा 'मंडळ' म्हणजे तहसीलखालचा सर्कल, आपल्या 'मंडल'शी त्याचा गोंधळ करू नका. मंजुरीवर हरकत असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे साठ दिवसांत अपील.

पलीकडची एक सोय चांगली आहे. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावातल्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात. आदिलाबादेत बसून माहेरच्या गावाच्या नोटिसा महिन्यातून एकदा बघता येतात. मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी महाराष्ट्राने १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' मोहीमही चालवली. माहेर तिकडं असेल तर त्या मोहिमेत तुमच्या गावात कुणाकुणाची नावं चढली, ते एकदा उतारा काढून तपासा.

मापाचा फरकही लक्षात ठेवा. इकडे एकर-गुंठे, तिकडे हेक्टर-आर. वरचे बारा एकर सातबाऱ्यावर सुमारे ४ हेक्टर ८६ आर दिसतील. एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, एवढं ध्यानात असलं तरी पुरे.

दोन्हीकडे लागू असणारी एक गोष्ट : पासबुकात किंवा सातबाऱ्यावर एकट्या भावाचं नाव आहे म्हणून तो एकटा मालक होत नाही. नोंद ही महसुलासाठी असते, मालकी वारसा कायद्याने ठरते. पण नोंद ज्याच्या नावावर, रैतुभरोसा त्याला, कर्ज त्याला, आणि गिऱ्हाईकही त्याच्याच दारात. त्यामुळे 'नावात काय आहे' म्हणून सोडून देणं महागात पडतं.

सही करण्याआधी

बहिणीला हिस्सा नको असेल, भावालाच द्यायचा असेल, तर तो तिचा हक्क आहे. पुष्कळ बहिणी मनापासून सोडतात. पण ते सोडणं रजिस्टर हक्कसोडपत्रानेच होतं. शंभर रुपयांच्या बाँडवर 'मी माझा हिस्सा सोडला' लिहून घेतलेला, नोटरीचा शिक्का मारलेला कागद हक्क सोडायला पुरत नाही. याचा फटका दोघांना बसतो. बहिणीला वाटतं सगळं संपलं, भावाला वाटतं जमीन माझी झाली, आणि पंधरा वर्षांनी भाचे वकील घेऊन येतात.

कागद रजिस्टर होतो तो जमीन ज्या हद्दीत त्या ऑफिसात. आदिलाबादच्या शेतजमिनीसाठी मंडलच्या तहसीलदारापुढे, घर-प्लॉटसाठी सब-रजिस्ट्रारकडे. मुद्रांक शुल्काचे दर दोन्ही राज्यांत सारखे नाहीत, पलीकडच्या वकिलाने सांगितलेला आकडा इकडे धरू नका. सही झाल्यापासून चार महिन्यांत कागद रजिस्ट्रेशनला हजर करावा लागतो.

बहिणीला येणं शक्य नसेल तर ती मुखत्यारपत्र देऊ शकते, ते ती राहते तिथल्या सब-रजिस्ट्रारपुढे करून प्रमाणित व्हायला हवं. पांढरकवड्याच्या बहिणीने पांढरकवड्यातच करावं, इथल्या नोटरीकडून मागवून घेतलेलं चालत नाही. मुखत्यारपत्रात फक्त 'वारस नोंदीसाठी' लिहा. 'विकणे, गहाण ठेवणे, बक्षीस देणे' हे शब्द टाइप करणाऱ्याच्या साच्यात आधीपासून असतात आणि न वाचता तसेच राहतात.

भाषेबद्दल. रजिस्ट्रेशन कायद्याचं १९ वं कलम सांगतं की अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सर्वसाधारण वापरात नसलेल्या भाषेतला कागद खऱ्या भाषांतराशिवाय घेता येत नाही. आदिलाबादेत मराठी वापरात नाही असं कोण म्हणेल? तरी वाद घालत बसण्यापेक्षा मराठी मुखत्यारपत्राला तेलुगू किंवा इंग्रजी भाषांतर जोडलेलं बरं. तोच नियम बहिणीने स्वतःला लावावा : तेलुगू कागद कुणा परक्या माणसाकडून मराठीत वाचून घ्यायचा, मोबाइलवर फोटो काढायचा, मग सही. भावाने स्वतःहून वाचून दाखवला तर सगळ्यात चांगलं. कोऱ्या कागदावर मात्र कुणासाठीच नाही.

भावाचीही बाजू

भावांची भीती खोटी नसते. बापाचं दवाखान्याचं कर्ज त्याने फेडलेलं असतं, आईला तो सांभाळतो, कापसाला भाव नाही त्या वर्षी तोटाही त्यानेच सोसलेला असतो. वाटणी करताना हे पैसे हिशेबात धरता येतात, बोलून धरावेत.

'हिस्सा दिला की वावर परक्याच्या घरात जाईल' ही दुसरी भीती. यावर कायद्यात दोन आधार आहेत. वारसाने एकत्र आलेल्या जमिनीतला आपला हिस्सा एका वारसाला विकायचा असेल तर बाकीच्या वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क आहे, कलम २२. शेतजमिनीलाही तो लागू असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. दुसरं, मुलीला आईबापाकडून वारसाने आलेली जमीन तिने मृत्युपत्र न करता आणि मूलबाळ मागे न ठेवता ती वारली तर नवऱ्याकडे न जाता तिच्या बापाच्या वारसांकडे परत येते. मूल असेल तर अर्थात मुलांना आणि नवऱ्याला. ती भाचरंच आहेत.

जमलं नाही तर

वाटणीचा दावा जमीन जिथं तिथल्या दिवाणी कोर्टात. एकाच कुटुंबाची जमीन काही आदिलाबादेत, काही किनवटला असेल आणि वाद एकच असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १७ व्या कलमाने दोन्हीपैकी कुठल्याही कोर्टात दावा लावता येतो. वेळेचं भान ठेवा. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतून आपल्याला वगळलं आहे हे कळल्यापासून बारा वर्षं. फसवून करून घेतलेला कागद रद्द करायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं.

वकिलाच्या फीचा धसका घेऊन गप्प बसण्याचं कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अपंगांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा त्यातच. आदिलाबादेत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टात आहे, देशभराचा हेल्पलाइन नंबर १५१००. पलीकडच्या बहिणीने तिच्या तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज दिला तरी सुरुवात होते. आणि भाऊ-बहीण दोघंही बोलायला तयार असतील तर दावा न लावताच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथं झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमाएवढीच पक्की असते, तिच्यावर अपील होत नाही. जाताना पासबुक किंवा सातबारा, मृत्यूचा दाखला, बहिणीच्या शाळेचा टीसी आणि, सही आधीच झालेली असेल तर, त्या कागदाची नक्कल बरोबर न्या. नक्कल घरी नसेल तर रजिस्टर झालेल्या कागदाची प्रमाणित प्रत त्याच ऑफिसातून फी भरून मिळते. ती मागायला भावाची परवानगी लागत नाही.